विसरायला होतंय, डॉक्टर! स्मरणशक्तीबद्दल दवाखान्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गर्दी असते. तपासून झालं, गोळ्या लिहून झाल्या, पेशंट दारापर्यंत गेला की मागे वळतो. "डॉक्टर, अजून एक. माले हल्ली काही ध्यानमा ऱ्हात नही." खरं दुखणं हेच असतं, सर्दी हे नुसतं निमित्त. खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं फॅमिली डॉक्टर आहे, मेंदूचा तज्ज्ञ नाही. पण हे प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की उत्तरं एकदा लिहून काढावीत म्हटलं.

चष्मा डोक्यावर असतो आणि मी घरभर शोधतो. डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, सुरुवात आहे का?

बहुतेक वेळा नाही. चष्मा वर सरकवताना तुमचं लक्ष फोनवर होतं. जे डोक्यात शिरलंच नाही ते आठवणार कुठून? याला आपण विसरणं म्हणतो, पण ते लक्ष नसणं आहे.

चावी कुठे ठेवली ते आठवत नाही, हे चालतं. चावी हातात आहे आणि ती कशाची हेच सुचत नाही, हे चालत नाही. पाहुण्याचं नाव ओठावर येऊन अडलं तर अडू द्या, पाहुणा कोण हेच कळेना तर बघायला हवं. आयुष्यभर खापरावर मांडे करणारी बाई पुरण वाटून, कणीक तिंबून बसते आणि आता पुढे काय, म्हणून तिचा हात थांबतो. तो थांबलेला हात मी फार गंभीरपणे घेतो. तीस वर्षांच्या पायाखालच्या रस्त्यावर गोंधळ उडणं, दहा मिनिटांत तोच प्रश्न चौथ्यांदा विचारणं, पैशांचा हिशेब अचानक न जमणं, हेही त्यातलंच.

बघायचा असतो तो बदल. जो माणूस विशीपासून विसराळू आहे त्याची चिंता नको. "आमचे अप्पा गेल्या सहा-आठ महिन्यांत बदलले" असं घरचे म्हणत असतील तर तपासा.

आणखी एक निरीक्षण, पुस्तकातलं कमी आणि खुर्चीतलं जास्त. एकटा एसटीने येऊन आपण काय काय विसरलो ते तारीखवार सांगणारा माणूस बहुधा ठीक असतो. बायको-मुलगा घेऊन येतात आणि तो म्हणतो, "मला काही झालं नाही, हेच उगाच मागे लागलेत," तेव्हा मी खुर्ची पुढे ओढतो.

साठी बुद्धी नाठी म्हणतातच ना? वय झाल्यावर हे व्हायचंच.

म्हण यमकासाठी चांगली आहे. वयाबरोबर वेग कमी होतो, नावं उशिरा आठवतात, एका वेळी दोन कामं जमत नाहीत. शब्दसंपत्ती, व्यवहारातली पारख आणि माणूस ओळखणं मात्र टिकतं, कधी वाढतंही. डिमेन्शिया हा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांत त्याचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. आकडा मोठाच आहे, पण उलटा वाचला तर शंभरातल्या ब्याण्णवांना तो नाही. "वय झालं" म्हणून सोडून दिल्याने जे बरं होण्यासारखं असतं तेही हातचं जातं. त्याबद्दल खाली.

अल्झायमर आणि डिमेन्शिया एकच का?

डिमेन्शिया हे ताप या शब्दासारखं आहे आणि अल्झायमर मलेरियासारखा, तापाच्या अनेक कारणांपैकी एक. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ मध्ये पहिली रुग्ण जगापुढे मांडली. आजाराने दवाखान्यात आली तेव्हा ती पन्नाशीच्या आसपासची होती. दुसरं मोठं कारण म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या. पक्षाघाताचे छोटे-छोटे झटके येत राहतात, घरच्यांना पत्ताही नसतो. पुष्कळांत दोन्ही एकत्र असतं.

यातलं बरं होणारं काही असतं का?

असतं, आणि म्हणूनच मला हा प्रश्न सगळ्यांत आवडतो.

पहिलं नाव बी-१२ जीवनसत्त्वाचं. आपल्याकडे माळकरी आणि शाकाहारी घरं भरपूर, दूधही दिवसाला चहापुरतंच. वरून मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ आणखी घसरतं. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, चिडचिड, विसरणं, असं हळूहळू येतं. एका म्हातारीला घरच्यांनी "डोक्यावर परिणाम झाला" म्हणून मागच्या खोलीत ठेवलं होतं. इंजेक्शनं सुरू केली. दीड-दोन महिन्यांनी ती सुनेशी भांडायला लागली. सून वैतागली होती, मला मात्र फार आनंद झाला. सगळ्यांचं असं होतं असं नाही. जितकं लवकर सापडेल तितकं परत मिळतं.

दुसरं थायरॉईड. तिसरं नैराश्य: नवरा गेल्यावर किंवा मुलं पुण्याला गेल्यावर गप्प झालेली माणसं विसरायला लागतात, कारण त्यांचं कशातच लक्ष उरत नाही. चौथं म्हणजे आपणच दिलेल्या गोळ्या. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या जुन्या पद्धतीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, लघवी थांबवायच्या काही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला धूसर करतात. पाचवं सहज निसटतं. मोरीत पाय घसरून डोकं आपटलेलं असतं, तेव्हा काही झालेलं नसतं, आणि तीन आठवड्यांनी माणूस सुस्त, गोंधळलेला दिसतो. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचलेलं असतं. ते काढता येतं.

मे महिन्यात बाबा एका रात्रीत बरळायला लागले. वेड लागलं का?

एका रात्रीत डिमेन्शिया होत नाही. काल ठीक असलेला म्हातारा माणूस आज भलतंच बोलतोय, रात्रभर उठबस करतोय, मधेच एकदम गुंगीत जातोय, तर त्याला वैद्यकात वेगळं नाव आहे, डिलिरियम, आणि ती घाईची गोष्ट आहे.

जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जाणं आपल्याला नवं नाही. वयाबरोबर तहान लागायची जाणीव बोथट होते. त्यात लघवीला उठायला लागू नये म्हणून आजोबा संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालूच असते. रक्तातलं सोडियम बिघडतं, डोकं फिरतं. कधी लघवीचा जंतुसंसर्ग असतो, कधी छातीत कफ. भगताकडे किंवा अंगारा आणायला जाण्याआधी त्याच दिवशी दवाखान्यात आणा. कारण सापडलं तर दिवसांत फरक पडतो. ज्याला एकदा असं झालं त्याचा मेंदू मुळात नाजूक आहे असं समजून पुढेही लक्ष ठेवा.

तोंड एका बाजूला वाकलं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर मात्र माझ्याकडेही येऊ नका. सीटी स्कॅन असलेलं मोठं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि आपल्या रस्त्यांवर ते तास झरझर जातात.

मेंदू सांभाळायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या १४ गोष्टी सांगितल्या: कमी शिक्षण, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, वाढलेलं बीपी, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, जास्त दारू, बैठेपणा, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार आणि हवेचं प्रदूषण. या सगळ्यांचा बंदोबस्त झाला तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतो किंवा लांबू शकतो. हा हिशेब समाजाचा आहे, एकेका माणसाला त्यात हमी नाही. उरलेलं वयाच्या आणि आनुवंशिकतेच्या हातात.

या यादीत डोक्याची पावडर कुठेच नाही. आहेत ते कान, डोळे, रक्तवाहिन्या आणि माणसं. हेल्मेटही त्यातच आलं.

ऐकू कमी येण्याचा स्मरणशक्तीशी काय संबंध?

लोकांना हा सगळ्यांत अनपेक्षित वाटतो, पण मी रोज बघतो. नानांना नीट ऐकू येत नाही. पारावर चार माणसं हसतात, नाना अर्ध्या सेकंदाने हसतात. मग कोणीतरी म्हणतं, "जाऊ दे, नानाले ऐकू येत नही." पंधरा दिवसांनी नाना पारावर जायचं सोडतात. घरात टीव्हीचा आवाज मोठा, म्हणून त्यावरून भांडण. वर्षभरात नानांशी दिवसाकाठी दहा वाक्यं बोलली जातात, त्यातली सात जेवणाबद्दल. अर्धवट ऐकू आलेले शब्द जुळवण्यात मेंदूची शक्ती जाते ते वेगळंच.

अमेरिकेत सत्तरीपुढच्या सुमारे हजार लोकांवर तीन वर्षं चाललेला एक प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट पाहिलं तर कानाच्या मशीनने फरक दिसला नाही. पण ज्यांना धोका आधीच जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. माझा सल्ला सोपा आहे: आधी कानातला मळ काढून घ्या, अर्धे जण तिथेच खूश होतात. मग ऐकण्याची तपासणी. जिनिंगमध्ये, पिठाच्या गिरणीवर किंवा ट्रॅक्टरवर आयुष्य काढलेल्यांनी पन्नाशीतच. आणि लग्नाच्या वरातीत डीजेसमोर तान्ह्या बाळाला घेऊन नाचणाऱ्यांना काय सांगावं!

चष्मा लावायला कुणी लाजत नाही, मशीन लावायला लाजतात. मोतीबिंदूही "अजून पिकला नाही" म्हणून ठेवू नका, ती जुनी समजूत आहे.

बीपीची गोळी बरं वाटल्यावर बंद केली तर?

बीपी दुखत नाही, म्हणून ही चूक सगळे करतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगात वरचं बीपी १४०ऐवजी १२०च्या खाली ठेवायचं लक्ष्य धरलं. २०१९ मध्ये निकाल आला तेव्हा बुद्धीच्या सौम्य घसरणीचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी दिसलं. तुमचा आकडा किती असावा ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, म्हाताऱ्या माणसाला फार खाली आणलं तर चक्कर येऊन तो पडतो. पण गोळी स्वतःहून सोडू नका. मिठाबद्दल बोललं की लोक भाजीचं मीठ कमी करतात आणि पापड, लोणचं, बिबड्या, शेव तशीच चालू ठेवतात. शेवभाजी बंद करा म्हणण्याची माझी हिंमत नाही. रोज नको, इतकंच.

बदाम, ब्राह्मी, शंखपुष्पी? केळी?

बदाम चांगले आहेत, शेंगदाणेही चांगले आहेत आणि खूप स्वस्त आहेत. ब्राह्मीवर लहान-लहान अभ्यास झालेत, काहींत आठवण्यात थोडी सुधारणा दिसली. तिने डिमेन्शिया टळतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. जिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्यांचा मोठा बोलबाला होता. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर सहा वर्षं पारख झाली आणि २००८ मध्ये उत्तर आलं: डिमेन्शिया टाळण्यात साध्या नकली गोळीपेक्षा काडीचा फरक नाही. लेबल नसलेली भुकटी घेऊ नका, त्यात शिसं-पारा असल्याची उदाहरणं आहेत.

केळ्याबद्दल: पोटभरीचं उत्तम फळ. स्मरणशक्तीचं औषध नाही. जळगाव जिल्ह्यात राहून हे लिहितोय, रावेर-यावलच्या मंडळींनी माफ करावं.

खायचं ते साधंच. कळण्याची भाकरी, डाळ, मेथी-पालक-अंबाडी, मूठभर दाणे, चालत असेल त्याला मासे. गोड आणि तळण कमी. भरीत कितीही, फक्त त्यातल्या तेलाकडे बघा.

पोरगा पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करतो. वाचतो खूप, आठवत नाही.

कारण तो वाचतो. अभ्यासिकेत बसून तेच पान पाचव्यांदा पिवळ्या पेनाने रंगवलं की ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असा समज होतो. २००६ मधल्या एका गाजलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून बंद करून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले.

म्हणजे पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर लिहायचं. अडलं की लगेच उघडायचं नाही, ते अडणंच कामाचं असतं. मग उद्या, तीन दिवसांनी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी पुन्हा. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की विसरणं सुरुवातीला वेगाने होतं आणि अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते.

आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणायची रीत होती. हातपाय धुऊन देवापुढे बसायचं आणि पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सगळं पुस्तकाविना. रोज, थोडं, आठवून. आज ज्याला मोठी नावं देतात ते हेच. अर्थ न कळता घोकणं ही त्यातली खोट होती, पद्धत मात्र पक्की. आणि रात्री जागून वाचू नये, वाचलेलं पक्कं व्हायचं काम झोपेतच चालतं.

यादी लक्षात ठेवायची काही युक्ती?

आहे, आणि तिला घर लागतं. डोळे मिटून आपल्या जुन्या धाब्याच्या घरात शिरा. ओट्यावर तुरीच्या डाळीचं पोतं फुटून पसरलंय. ओसरीत खाटेवर साबणाची वडी पांघरूण घेऊन झोपलीय. माजघरात तेलाचा डबा रडतोय. देवघरात देवाऐवजी मिरच्यांची रास. चित्र जितकं विचित्र तितकं घट्ट बसतं. दुकानात गेल्यावर पुन्हा घरातून चालत जा, प्रत्येक ठिकाणी वस्तू वाट बघत असते.

२०१७ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी साध्या लोकांना ही युक्ती रोज अर्धा तास, ४० दिवस शिकवली. ७२ शब्दांपैकी सरासरी २६ आठवत होते, ते ६२ झाले. पण याने याद्या आठवतात. औषध घ्यायचं विसरणं याने थांबेलच असं नाही. त्यासाठी गोळ्यांची खणाखणांची डबी आणि फोनचा गजर बरा. लिहून ठेवण्यात कमीपणा नाही.

शब्दकोडी आणि मोबाईलवरचे मेंदूचे गेम?

कोडी सोडवल्याने कोडी सोडवता येतात. आवड असेल तर जरूर. पण "डिमेन्शिया टाळा" म्हणत गेम विकणाऱ्या एका कंपनीला पुराव्याशिवाय दावे केल्याबद्दल २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर मोजावे लागले, एवढं ध्यानात ठेवा. त्यापेक्षा माणसांबरोबर पत्ते खेळा. नवं काही शिका: पेटी, नातवाकडून व्हिडिओ कॉल, शेजारणीकडून न येणारा पदार्थ.

घरी अहिराणी, शाळेत मराठी. पोरांच्या डोक्यात गोंधळ होईल का?

नाही. हा प्रश्न आला की मला राग येतो, विचारणाऱ्याचा नाही, त्याला हे सांगणाऱ्याचा. हैदराबादला ६४८ डिमेन्शियाच्या रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, आणि कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. सगळे अभ्यास असंच सांगतात असं नाही, संशोधकांत यावर वाद आहेत. पण दुसऱ्या भाषेने डोकं बिघडतं असं तर कुणीच म्हणत नाही.

आपल्याकडे पश्चिमेला अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, नंदुरबारकडे भिली आणि गुजर मंडळींची गुजरी. आजी "काय करी राह्यना रे?" विचारते, नातू मराठीत उत्तर देतो, टीव्ही हिंदीत चालू असतो. हे घर म्हणजे फुकटचा व्यायाम आहे. "गावंढळ बोलू नको" म्हणून तो बंद करू नका. आजीशी बोलायचं नातवाकडे कारण उरत नाही, हा तोटा वेगळाच.

झोप किती हवी? आणि शेतातलं काम हाच व्यायाम ना?

सात तास धरा. ब्रिटनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा २५ वर्षं पाठपुरावा झाला. पन्नाशी-साठीत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत पुढे डिमेन्शियाचा धोका सुमारे ३० टक्के जास्त दिसला. आता रात्रीच्या लाईटला मोटार चालू करून पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणत्या तोंडाने सांगू? दुपारी झोप भरून काढा, एवढंच म्हणतो. घोरता-घोरता श्वास थांबत असेल तर मात्र दाखवा, त्यावर उपाय आहे.

शेतात राबणाऱ्याला वेगळं चालायला सांगत नाही. पण बरेच "शेतकरी" आता गाडीवरून बांधापर्यंत जातात आणि मजुरांना हाक मारून परत येतात. त्यांनी आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालावं. २०११ च्या एका प्रयोगात वर्षभर चालणाऱ्या वृद्धांच्या मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग दोन टक्के वाढला होता. उन्हाळ्यात जळगावच्या मेहरूण तलावावर जायचं तर सकाळी सहाच्या आत.

माय रोज म्हणते, "माले माहेरी सोडी दे." माहेरी आता कुणी नाही. काय सांगू?

"तुझा भाऊ जाऊन वीस वर्षं झाली" असं सांगू नका. तिच्यासाठी तो त्या क्षणी मरतो, आणि उद्या पुन्हा मरेल. तिला विचारा: माहेरचं दार कुठल्या बाजूला होतं? विहिरीवर कोण यायचं? ती बोलते. बऱ्याचदा माहेर म्हणजे ते गाव नसतंच, जिथे भीती वाटत नव्हती अशी जागा असते. अलीकडचं पुसलं जातं, जुनं उशिरापर्यंत राहतं. नातवाचं नाव न आठवणाऱ्या बायका भुलाबाईची गाणी कडव्यामागून कडवं म्हणतात. म्हणू द्या, सोबत म्हणा.

खिशात नाव आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गॅसची वेळ सांभाळा. दाराच्या कडीकडे लक्ष ठेवा. सातबारा, बँक, मृत्युपत्र ही कामं समज आहे तोवर, तिला विचारूनच करा. उशीर झाला की भावाभावांत कोर्ट उभं राहतं.

आणि जी सांभाळते तिच्याकडे बघा. बहुधा सून असते, तिला रात्री झोप नसते, आणि सल्ले द्यायला येणाऱ्या नणंदा दोन तासांत निघून जातात. त्या नणंदांना माझी विनंती: सल्ला ठेवा, आठवड्यातला एक दिवस घ्या. मन फार थकलं तर टेली मानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे सरकारी नंबर फुकट आहेत.

दाखवायला येताना काय आणू?

घरातल्या सगळ्या गोळ्या, एका पिशवीत. चालू असलेल्या, बंद केलेल्या, शेजाऱ्याने दिलेल्या, मुंबईच्या पाहुण्याने आणलेल्या. पहिलं निदान पुष्कळदा त्या पिशवीतच असतं. जुने रिपोर्ट, चष्मा, कानाचं मशीन असेल तर तेही. बीपी, साखर, बी-१२, थायरॉईड, सोडियम इतकं तालुक्यालाही होतं. पुढची गरज लागली तर धुळे, जळगाव आणि नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

सोबत रोज जवळ राहणारं माणूस हवं, गाडी चालवायला आलेला भाचा नको. आणि मी आप्पांना काही विचारलं की उत्तर तुम्ही देऊ नका. त्यांना वेळ लागेल. मला तो वेळच बघायचा असतो.